सासूबाईंच्या दातांना कोणतं फ्लोराइड लावावं?

प्रश्न: माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. चाळीस वर्षं मशेरी लावली, सासरे गेल्यानंतर सोडली. हिरड्या खाली सरकल्यात आणि सात-आठ दातांच्या मुळाशी, हिरडीला अगदी लागून, तपकिरी खाचा पडल्यात. दुखत नाही, पण गार पाणी झोंबतं. एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘चांदीचं काळं औषध लावू, कीड थांबेल, पण डाग काळे पडतील.’ दुसऱ्यांनी दर तीन महिन्यांनी व्हार्निश लावायला सांगितलं. आणि माझ्या दिरांनी न्यू जर्सीहून ५००० लिहिलेली पेस्ट पाठवलीय. तिन्हींत फ्लोराइडच आहे म्हणतात, मग एवढे वेगवेगळे सल्ले का? सासूबाईंचं म्हणणं एकच, ‘या वयात काळे दात घेऊन कुठं मिरवू?’
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातले ‘दुखत नाही’ हे दोन शब्द मला सगळ्यात जास्त खुपले. मुळाची कीड अशीच असते. वय वाढतं तशी दाताच्या आतली नस आकसत जाते, तिच्याभोवती नवं दंतिन, म्हणजे दाताच्या आतला हाडासारखा थर, साठत जातं. त्यामुळे तरुणपणी जिनं रात्रभर झोपू दिलं नसतं, ती कीड सत्तरीत मुकाट्यानं दात कापत राहते. मग एक दिवस भाकरीचा तुकडा मोडताना दात हिरडीपाशी तुटून हातात येतो. मिरजेत दवाखाना टाकून मला बावीस वर्षं झाली. रुमालाच्या गाठीत बांधून आणलेले असे दात मी इतके पाहिलेत की मोजदाद ठेवलेली नाही. तुम्ही दात जागेवर असताना विचारताय, हे फार बरं केलंत.

आधी मूळच का किडतं ते सांगते, कारण औषधांतला फरक तिथूनच कळतो. दाताच्या वरच्या भागाला इनॅमलचं कवच असतं. वजनाच्या जवळजवळ ९६ टक्के निव्वळ खनिज. मुळावर ते कवच नसतंच. तिथं जो पातळ थर असतो तो मशेरीच्या घासण्यानं केव्हाच गेलेला असतो आणि खालचं दंतिन उघडं पडतं. दंतिनात खनिज ७० टक्क्यांच्या आसपास, बाकी कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी आणि पाणी. इनॅमल विरघळायला तोंडातला सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ पर्यंत उतरावा लागतो. दंतिन ६.२ ते ६.४ च्या दरम्यानच विरघळू लागतं. चहाबरोबर एक बिस्कीट खाल्लं तरी मुळाला ते पुरतं.

आमच्या आजोळी कारवीच्या कुडाच्या भिंती होत्या. पावसाळ्यात लिंपण गळायचं, दिवाळीच्या आधी आजी पुन्हा शेणमातीनं लिंपायची. कूड उभा असेल तर माती धरते. कूडच वाळवीनं खाल्ला असेल तर कितीही थापा, ढासळणारच. किडलेल्या दंतिनाचं तंतोतंत तसंच आहे. आम्ल आधी खनिज काढून नेतं आणि जाळी मागं राहते. ती शाबूत आहे तोवर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट फ्लोराइडच्या मदतीनं पुन्हा तिच्यावर बसू शकतं. जाळीच विकरांनी, म्हणजे एन्झाइमांनी, कुरतडून टाकली, की तेवढ्या भागात खनिज भरायला जागाच उरत नाही. जपानच्या फुसायामा यांनी १९७० च्या दशकात किडलेल्या दंतिनाचे असे दोन थर वेगळे करून दाखवले: वरचा कुजलेला, न सुधारणारा, आणि खालचा मऊ पडलेला पण सावरणारा. आमची सगळी धडपड या खालच्या थरासाठी असते.

आता तुमच्या तीन औषधांकडे येते. फ्लोराइडचं प्रमाण पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग.

दिरांनी पाठवलेली पेस्ट ५००० पीपीएमची आहे. आपल्या देशात टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा जास्त फ्लोराइड घालायला कायद्यानं परवानगी नाही आणि किती घातलंय ते नळीवर छापावं लागतं. घरात कुठली पेस्ट आहे ती एकदा उलटून पाहा. म्हणजे परदेशातली ही पेस्ट पाचपट तीव्र, आणि तिकडे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते. मुळाच्या किडीवर तिचा उपयोग चांगला तपासलेला आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिने ५००० ची पेस्ट वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या मुळांवरची चामड्यासारखी मऊ कीड कडक झाली. ११०० ची साधी पेस्ट वापरणाऱ्यांत हे प्रमाण त्याच्या जवळपास निम्मं होतं. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१८ मध्ये भराव न घालता कीड थांबवण्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत मुळाच्या किडीसाठी पहिली पसंती रोज वापरायच्या या ५००० च्या पेस्टलाच दिली आहे. म्हणून ती नळी कपाटात ठेवून देऊ नका. पण ती आधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. दात घासून झाल्यावर सासूबाईंनी फेस थुंकायचा आणि चूळ भरायची नाही. खळखळून चूळ भरायची आपली सवय असते, आणि तिच्याबरोबर अर्धं औषध मोरीत जातं. ही पेस्ट चालेल की नाही हे शेवटी हातावर अवलंबून आहे. सासूबाईंची बोटं सांधेदुखीनं आखडली असतील, ब्रश हिरडीच्या कडेपर्यंत पोचत नसेल, तर ५००० काय आणि १००० काय, औषध किडीपर्यंत जातच नाही.

व्हार्निश म्हणजे ५ टक्के सोडियम फ्लोराइड, २२,६०० पीपीएम. राळेसारखा चिकट पदार्थ असतो, ब्रशनं पातळ थर द्यायचा, लाळ लागली की तो घट्ट बसतो. आकड्यापेक्षाही त्याची खुबी चिकटून राहण्यात आहे. तासन्‌तास दाताला लागून असतो आणि पृष्ठभागावर कॅल्शियम फ्लोराइडचे बारीक कण सोडून जातो. पुढे तोंड आंबट झालं की त्या कणांतून फ्लोराइड बाहेर पडतं. इनॅमलवर नुकता पांढरा डाग पडला असेल तर माझ्या हाताशी व्हार्निशइतकं चांगलं दुसरं काही नाही. मुळाची कीड वरवरची असेल तरी ते काम करतं, फक्त तीन-तीन महिन्यांनी न चुकता लावायला हवं. पण खड्डा पडून मऊ दंतिन उघडं झालंय अशा ठिकाणी ते अपुरं पडतं, कारण तिथं जंतू खोलवर आहेत आणि व्हार्निश त्यांना फारसं काही करत नाही.

तिसरं ते काळं औषध, सिल्व्हर डायमीन फ्लोराइड. आम्ही एसडीएफ म्हणतो. ३८ टक्क्यांच्या द्रावणात ४४,८०० पीपीएम फ्लोराइड आणि जोडीला चांदी. चांदी जंतू मारते, फ्लोराइड खनिज बसवतं, आणि मघाशी सांगितलेली जाळी कुरतडणारी विकरंही या औषधानं रोखली जातात. हे औषध जपानचं. ओसाका विद्यापीठात मिझुहो निशिनो यांनी १९६० च्या दशकात त्यावर काम केलं आणि १९७० पासून ते जपानमध्ये वापरात आहे. अमेरिकेनं २०१४ मध्ये दातांच्या झिणझिण्यांसाठी म्हणून त्याला परवानगी दिली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. तुमच्या सासूबाईंच्या वयाच्या माणसांवरचा अभ्यास हाँगकाँगच्या वृद्धाश्रमांतला आहे, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला. तीन वर्षांत, फक्त दात नीट घासायला शिकवलेल्यांच्या मुळांवर सरासरी २.५ नव्या किडी झाल्या. दर तीन महिन्यांनी व्हार्निश लावलेल्यांच्या ०.९, आणि वर्षातून एकदाच एसडीएफ लावलेल्यांच्या ०.७. ‘वर्षातून एकदाच’ हे शब्द लक्षात घ्या. खेड्यातून एसटीनं येणाऱ्या म्हातारीला वर्षातून चारदा बोलावणं आणि एकदा बोलावणं यात किती फरक पडतो, ते मी रोज पाहते.

ते लावायला काही लागत नाही. ना इंजेक्शन, ना मशीनची घरघर. ओठांना आणि हिरडीला व्हॅसलिन लावायचं, गालात कापसाची गुंडाळी ठेवायची, दात कोरडा करायचा. प्लास्टिकच्या छोट्या वाटीत एक थेंब घेतला की पाच दातांपर्यंत पुरतो. बारीक ब्रशनं मिनिटभर किडीत मुरवायचं आणि उरलेलं टिपून घ्यायचं. तोंडात धातूसारखी, थोडी अमोनियाची चव येते, तेवढीच तक्रार लोक करतात. चांदीची ॲलर्जी असेल किंवा हिरड्या सोलवटून फोड आले असतील, तर मात्र मी लावत नाही.

आता रंगाबद्दल, कारण सासूबाईंचं म्हणणं मी बाजूला सारणार नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपण कसे दिसतो याची काळजी असणं हे माणूस जिवंत असल्याचं लक्षण आहे. एसडीएफनं किडलेला भाग शाईसारखा काळा पडतो आणि तो डाग जात नाही. चांगल्या दाताला डाग पडत नाही. वर पोटॅशियम आयोडाइड लावून काळेपणा थोडा कमी करता येतो, पूर्ण नाही.

माझ्या आईची गोष्ट सांगते. तिच्या खालच्या सुळ्याच्या मुळाला कीड लागली तेव्हा मी ती कोरून भराव घातला. आठ महिन्यांत निघाला. पुन्हा घातला, या वेळी कडेनं नवी कीड. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा खड्डा नसेच्या इतका जवळ गेला होता की पुढे कोरायची माझी हिंमत होईना. मी तिला एसडीएफबद्दल विचारलं. ती म्हणाली, ‘दात राहणार असेल तर काळा राहू दे.’ त्या दिवशी गोल टोकाचा प्रोब, म्हणजे दात तपासायची बारीक सळई, हलकेच फिरवला तर तो ओल्या साबणाच्या वडीत रुतावा तसा रुतत होता. तीन आठवड्यांनी रुतणं कमी झालं. सहा महिन्यांनी पुन्हा औषध लावलं. त्या वेळी तोच प्रोब पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा खर्रकन सरकला. काळं, चकचकीत, कडक. मग त्यावर ग्लास आयोनोमर सिमेंटचा दाताच्या रंगाचा थर दिला. हे सिमेंट स्वतःही थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं. आईचा तो दात आजही आहे, ती त्यानं ऊस खात नाही, पण भाकरी खाते. पहिले दोन भराव मी घाईनं घातले, आधी कीड थांबवायला हवी होती, हे मला तिच्या दातानं शिकवलं.

तेव्हापासून मी नातेवाइकांना एकच सांगते, डागाचा रंग पाहून घाबरू नका आणि रंग पाहून निर्धास्तही होऊ नका. फिकट पिवळसर, निस्तेज, मऊ कीड चालू असते. गडद, चकाकणारी, कडक कीड थांबलेली असते. पेस्टनं थांबवलेली कीडही बहुतेक वेळा गडदच होते, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पेस्टवर उगाच आळ येईल.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? समोरच्या, बोलताना दिसणाऱ्या दातांना पेस्ट आणि तीन महिन्यांनी व्हार्निश. त्यात जिथं खड्डा पडलाय तिथं सिमेंट. मागच्या दाढा-उपदाढांना, जिथं ब्रश पोचत नाही आणि कुणाला दिसतही नाही, तिथं एसडीएफ. लावण्याआधी डॉक्टरांना काळ्या झालेल्या दाताचा फोटो सासूबाईंना दाखवायला सांगा, आणि होकार त्यांचाच घ्या, तुमचा नको. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत, एक मागच्या दाढा पाहत असावेत आणि दुसरे पुढचे दात. जेलचे साचे तोंडात बसवून फ्लोराइड देण्याची एक पद्धत आहे, ती मी या वयात टाळते. गिळलं जातं, आणि आम्लयुक्त जेलनं सिमेंटचे भराव खरबरीत होतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती विचारते. सासूबाईंचं तोंड कोरडं पडतं का? झोपेच्या, नैराश्याच्या, लघवी आवरण्याच्या, ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी लाळ कमी होते. गोळ्यांची यादी घेऊन त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा, मनानं कुठलीही बंद करू नका. घसा कोरडा पडला की गालात खडीसाखर धरून ठेवायची सवय पुष्कळ म्हाताऱ्यांना असते. खनिज लाळेतूनच परत बसणार आहे. लाळ नाही आणि वर खडीसाखर, अशा तोंडात चाळीस हजार पीपीएमही हरतं. खडीसाखरेऐवजी पाण्याचा घोट, एवढा बदल आजपासून करा.

प्रश्न: आमच्याकडे विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, गावात कितीतरी जणांचे दात पिवळे-तपकिरी पट्ट्यांचे आहेत. आता माझ्या चार वर्षांच्या मुलीच्या किडलेल्या पुढच्या दातांना डॉक्टर फ्लोराइडच लावा म्हणतात. विषावर विष कशाला?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: तुमची भीती रास्त आहे. तुमच्या भागात, तसंच चंद्रपूर आणि नांदेडकडेही, हे दुखणं मोठं आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त फ्लोराइड रोज, वर्षानुवर्षं पोटात गेलं तर जबड्यात तयार होत असलेल्या पक्क्या दातांच्या इनॅमलवर पट्टे उमटतात, आणि पुढे हाडांनाही त्रास होतो. हे पोटातून होणारं नुकसान आहे.

एसडीएफचा एक थेंब म्हणजे दीड मिलिग्रॅमच्या आसपास फ्लोराइड. तो थेंबही पूर्ण वापरला जात नाही, आणि वर्षातून दोनदाच लावायचा असतो. तुमच्या विहिरीचं पाणी मुलगी रोज पिते. म्हणून काळजी करायची तर पाण्याची करा, गावच्या पाण्याची तपासणी करून घ्या आणि मुलीला सुरक्षित स्रोताचं पाणी द्या.

औषध कुठलं? हाँगकाँगच्या बालवाड्यांतल्या मुलांवर अडीच वर्षं चाललेला अभ्यास २०१८ मध्ये आला. ३८ टक्क्यांचं एसडीएफ वर्षातून दोनदा लावलं तेव्हा दुधाच्या दातांतल्या सुमारे ७६ टक्के किडी थांबल्या. वर्षातून एकदा लावलं तेव्हा ६७ टक्के. १२ टक्क्यांच्या सौम्य औषधानं ५५ ते ५९ टक्के. व्हार्निशशी थेट तुलना त्याआधी २००२ मध्ये चीनमधल्या बालवाडीच्या मुलांवर झाली होती. तिथं वर्षातून एकदा लावलेलं एसडीएफ तीन महिन्यांनी लावलेल्या व्हार्निशला सरस ठरलं. तेव्हा दंतिनापर्यंत गेलेल्या किडीला मी एसडीएफच लावेन. दुधाचे पुढचे दात सहा-सातव्या वर्षी पडतात, काळेपणा त्यांच्याबरोबर जातो. पण रात्री झोपेतून उठून मुलगी रडत असेल, हिरडीवर पुळी असेल, तर कीड नसेपर्यंत पोचली आहे आणि हे औषध तिथं चालत नाही. घरी मात्र ब्रशवर पेस्ट वाटाण्याहून मोठी नको, थुंकता येत नसेल तर तांदळाच्या दाण्याएवढीच, आणि घासताना तुम्ही शेजारी उभ्या राहा. बाटलीतून गोड दूध देऊन झोपवत असाल तर ते आधी थांबवा.

प्रश्न: एसडीएफची बाटली ऑनलाइन दिसते. घरीच लावली तर?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: लावू नका. कीड नसेच्या किती जवळ आहे हे एक्स-रेशिवाय कळत नाही. नस मेलेल्या दातावर वरून औषध लावलं तर वरचा डाग काळा दिसतो आणि आत पू वाढत राहतो. शिवाय हिरडीला लागलं तर ती भाजते, पांढरी पडते. तुम्ही बाटली आधीच उघडली असेल आणि बोटांना काळे डाग पडले असतील तर दगडानं घासू नका. कातडीवरचे डाग आठ-पंधरा दिवसांत कातडीबरोबरच जातात. कपड्यावरचे आणि फरशीवरचे मात्र राहतात.